अकरावं वचन

माझी बायको गेली, ते मला अध्याय वाचता वाचता फोनवर कळलं.

ती दवाखान्यात होती, मी आमच्या लॉन्ड्रीत. लग्न झाल्यापासून रोज सकाळी इस्त्री तापेपर्यंत आम्ही बायबल वाचायचो. एक वचन ती, पुढचं मी. ती दवाखान्यात गेली तरी नेम मोडला नाही. मी फोन टेबलावर ठेवायचो, ती खाटेवरून वाचायची. त्या दिवशी दानीएलाचा अध्याय होता. राजाखेरीज कुणाची प्रार्थना केली तर सिंहांच्या गुहेत टाकू, असा हुकूम निघतो. दानीएल घरी जातो आणि उघड्या खिडकीशी रोजच्यासारखेच गुडघे टेकतो. हे दहावं वचन माझं. वाचून मी थांबलो. पलीकडून काही आलं नाही. वाटलं, धाप लागली असेल.

"सावकाश वाच, घाई नाही," मी म्हणालो.

मग धावपळ ऐकू आली आणि नर्स बोलली, "काका, तुम्ही लगेच निघा."

तिचा आवाज ऐकूनच मला कळलं.

काही आठवड्यांनी पुन्हा दुकानात जाऊ लागलो. दुकान आम्हा दोघा भावांचं, पण जागा दादाच्या नावावर. सकाळी इस्त्री लावायचो, पुस्तक उघडायचो, दहावं वचन वाचायचो आणि थांबायचो. पुढचं तिचं होतं. इस्त्री तापली की पुस्तक मिटायचो.

एक दिवस दादा लवकर आला.

"ती होती तोवर मी तोंड उघडलं नाही," तो म्हणाला. "आता पुरे. गिऱ्हाइकं विचारतात, शर्ट धुवायला टाकलाय की बाप्तिस्म्याला?"

"मग सांगायचं ना, डाग दोन्हीकडे निघतात."

असल्या बोलण्यावर दादा एरवी पोट धरून हसायचा. आज हसला नाही.

"आपल्या घरात हे कुणी केलं नव्हतं. तिने आणलं, तिच्याबरोबर गेलं. इथे वाचायचं नाही."

"मी काय ओरडून वाचतो का, दादा? कुणाला ऐकू जातं?"

"मला जातं ना! हे बघ, घरी काय ते कर. इथे पुस्तक उघडायचं असेल तर किल्ली दे."

दुसरं काम मला येत नाही. घरी वाचलं असतं तरी देवाला चाललंच असतं. पण मग ते लपून वाचणं झालं असतं. दानीएलाला तरी खिडकी लावून घेणं काय जड होतं?

मी किल्ली काढून टेबलावर ठेवली. मनात म्हटलं, देवा, आता तू बघ. मग पुस्तक उघडून दहावं वचन वाचलं.

दादा ऐकत उभा होता. मी थांबलो तसा म्हणाला, "पुढे?"

"पुढचं तिचं आहे."

दादाने किल्ली उचलून खिशात टाकली.

आता घरीच खिडकीशी टेबल लावलंय. शेजारच्या दोन-चार घरांतून कपडे येतात. कमी येतात, पण येतात. खिडकी उघडी ठेवतो. दादा रस्त्याने जातो, वर बघत नाही.

सिंहांच्या गुहेतून दानीएल सुखरूप बाहेर येतो, हे मला माहीत आहे. पण तिथवर मी पोचलेलो नाही. इस्त्री तापते, मी दहावं वाचतो आणि थांबतो. अकरावं अजून वाचायचं राहिलं आहे.