चौदा राज्यांची रंगीत तालीम

राजाभाऊंच्या अमेरिकेने नीताला अगदी वात आणला होता. कतारमधल्या बिन महमूद भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलामागे भिंतभर नकाशा, त्यावर न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत लाल स्केचपेनची रेघ. चौदा राज्यं! पोह्यांची बशी हातात पडली की पाहुण्याला ओहायो ऐकावाच लागे, आणि चहा येईस्तोवर बिचारा न्यू मेक्सिकोत पोचलेला असे.

"अहो, रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात," नीता म्हणायची.

"काशी कुठे पळून जातेय?" हे ठरलेलं उत्तर.

खरं सांगायचं तर आता तिलाही ओढ लागली होती. नकाशावर बोट ठेवून वाट सांगायचं काम तिचं. गाडी अर्थात तेच चालवणार. लायसन्स तिच्याकडेही होतं, पण "तू भाजी आणण्यापुरती ड्रायव्हर" असं म्हणत लांबच्या रस्त्याला त्यांनी तिला कधी स्टिअरिंग दिलं नव्हतं.

त्या शुक्रवारी सकाळी रंगीत तालीम निघाली. अख्ख्या कतारला फेरी मारायची, दिवसभर गाडी हाकायचा सराव म्हणून. थर्मासमध्ये चहा, डब्यात धपाटे. "यल्ला, चला!" म्हणत राजाभाऊंनी गाडी अल रय्यानकडे काढली.

वर्ल्डकपच्या तयारीने शहराची नुसती उलथापालथ चालली होती. काल सरळ असलेला रस्ता आज भलतीकडेच वळलेला असायचा. स्टेडियमच्या अलीकडे लाल-पांढरे प्लास्टिकचे अडथळे उजव्या कडेने आत सरकले होते, आणि तिथे एक मजूर झेंडी घेऊन जिवाच्या आकांताने हात हलवत होता. नीताला वाटलं, आता ब्रेक लावतील. कसले लावतायत! गाडी थेट त्याच्या अंगावर!

"अहो! माणूस!"

मजुराने बाजूला उडी घेतली. दोन अडथळे धाडकन उडाले आणि गाडी थांबली. तो मजूर उठला, धूळ झटकली, आणि उलट त्यानेच काचेशी येऊन विचारलं, "मॅडम, ठीक हो?" देवाची कृपा, त्याला खरचटलंही नव्हतं.

मग मात्र ती फुटली. "आंधळे आहात का हो तुम्ही? एवढा धडधडीत माणूस दिसला नाही?"

एरवी एकाला चार ऐकवणारे राजाभाऊ हळूच म्हणाले, "होतोय."

"काय होतोय?"

"आंधळा. काचबिंदू आहे, नीता. समोरचं नीट दिसतं, कडेचं गेलंय. गेलेलं परत येत नाही म्हणतात."

नीताच्या पायाखालची वाळू सरकली. ते थेंब! एसीने डोळे कोरडे पडतात म्हणून रोज ती स्वतःच्या हाताने त्यांच्या डोळ्यांत घालत होती ते थेंब! गल्फमध्ये कुणाचे डोळे कोरडे नाहीत? बाटलीवर काय लिहिलंय ते बघायची तिला कधी गरजच वाटली नव्हती.

"आणि लायसन्स रिन्यू झालं ते?"

"तिथे अक्षरं समोर असतात. घडाघडा वाचली." ते स्टिअरिंगकडेच बघत होते. "दिसतंय तोवर सगळं एकदा बघून घ्यायचं होतं. तुला सांगितलं असतं तर तू निघाली असतीस?"

"म्हणून मला ॲरिझोनात नेऊन मारणार होतात? आणि एखाद्याचं लेकरू चिरडलं असतं म्हणजे?" तिला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि रडूही आवरत नव्हतं.

पोलिसांचे सोपस्कार आटोपले तेव्हा ऊन चढलं होतं. राजाभाऊ सवयीने डावीकडच्या, स्टिअरिंगच्या दाराकडे वळले.

"खलास," नीता म्हणाली. "किल्ली द्या."

"नीता, हायवे आहे हा..."

"द्या म्हणते ना!"

सीट पुढे ओढून तिने गाडी काढली. स्टेडियम मागे पडल्यावर राजाभाऊंनी विचारलं, "अमेरिका रद्द ना?"

"चालवीन मी. चौदाच्या चौदा राज्यं. तुम्ही बसून बघायचं."

सिग्नलला त्यांनी अख्खी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. गेलं वर्षभर ते असेच पाहत होते. तीस वर्षांनी का होईना, नवरा बोलताना आपल्याकडे वळून बघायला लागला, म्हणून ती मनातल्या मनात किती सुखावली होती! मैत्रिणींना सांगूनही झालं होतं. आता तिला कळलं, ते का वळत होते.

"समोर बघा," ती चिडून म्हणाली.

ते मुकाट्याने वळले. सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवू लागला, तरी तिचा पाय ब्रेकवरून उठेना.

"नको," ती म्हणाली. "बघा इकडे. नीट बघून घ्या."