कानातली मशीन आणि दोन पंप

मी पंचफुलाबाईंच्या उजव्या कानातून बोलतोय, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी बोलतोय तंबाखूच्या एका रिकाम्या डबीतून. डबी देवळीत आहे आणि देवळी वडनेर भोलजी गावातल्या एका घरात. या घरात माझ्याशी कुणाचं भांडण नाही, फक्त कुणाला माझी गरज वाटत नाही. त्याचाच मला संताप येतो.

मी श्वास ऐकणारं यंत्र आहे, वालाच्या दाण्याएवढं. मला कानात बसवलं की श्वास किती जोरात चाललाय, छातीत शिट्टी वाजतेय का, रक्तात प्राणवायू पुरेसा आहे का, हे मला कळतं. बिघडलं की मी थरथरतो. बोलता मात्र येत नाही. मला घडवणाऱ्या शहाण्यांनी ऐकायची एवढी सोय केली आणि तोंड द्यायचं विसरले.

माझा जन्म पुण्याच्या एका प्रयोगशाळेतला. तिथे ज्या कानांत मी बसलो, ते गार खोलीत खुर्चीवर बसलेल्या तरुण पोरांचे होते. कपाशीचं शेत कसं असतं, तिथे कुणी सांगितलं नव्हतं. मग दम्याच्या शिबिरात आलिमा सिस्टरांनी मला पंचफुलाबाईंच्या कानात घातलं. सोबत तोंडात धरून ओढायचा निळा पंप दिला आणि समजावलं, "मावशी, हे थरथरलं की काम सोडायचं, सावलीत बसायचं आणि पंप घ्यायचा." पंचफुलाबाईंनी मान हलवली. त्यांचे यजमान कडूबा तेव्हा तिथे नव्हते. ते कृषी केंद्रात औषध आणायला गेले होते. कपाशीवर मारायच्या विषालाही इथे औषधच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

गावात आल्या आल्या माझी अब्रू गेली. बाईच्या कानात काहीतरी आहे, म्हणजे बाई बहिरी झाली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. वेचणीच्या बाया त्यांच्याशी ओरडून बोलू लागल्या. एकीने तर हातवारे सुरू केले. पंचफुलाबाई सांगत, "मले ऐकू येते वं, हे दम्याचं हाय." त्यावर समोरची आणखी मोठ्याने विचारायची, कशाचं? मी आतल्या आत जळफळायचो.

शेतातली कपाशी बीटीची. बोंडअळी लागणारच नाही म्हणून लोकांनी हे बियाणं हौसेने लावलं होतं म्हणे. आता बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निवांत बसलेली. मग फवारणी, आणि ती वाळली नाही तोच पुन्हा फवारणी. कडूबा पाठीवर पंप घेऊन पुढे, पंचफुलाबाई पाणी आणायला आणि औषध कालवायला. वारा फिरला की सगळा फवारा त्यांच्या तोंडावर. मी थरथरायचो. त्या मला कानातल्या कानात दाबायच्या आणि म्हणायच्या, एवढी ओळ होऊ दे. ओळ झाली की दुसरी असायचीच. माणसं मला विचारायला कानात ठेवतात आणि उत्तर दिलं की गप्प करतात, याचं काय करावं?

निळा पंप त्या घरीच ओढायच्या, भिंतीकडे तोंड करून, चोरून विडी ओढावी तशा. शेतात तो पिशवीतच राहायचा. कडूबांनी तो पाहिला होता, पण ते त्याला "ते निळं" म्हणत. पंप म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच यायचा, पाठीवरचा.

आणि मग ती सकाळ आली. फवारणी अर्धी झाली होती, कडूबा पंप धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतरवून पाणी पीत होते. मी थरथरलो. पुन्हा थरथरलो. या वेळी पंचफुलाबाईंनी मला दाबलं नाही, कारण त्या ओळीतच खाली बसल्या होत्या. छातीत शिट्टी सुरू झाली होती.

"पंप," त्या म्हणाल्या. "पंप आना जी."

कडूबा धावले. खरंच धावले, त्यांच्या पावलांचा आवाज मी ऐकला. आणि त्यांनी फवारणीचा पंप आणून बायकोच्या पुढ्यात ठेवला. नळीच्या तोंडातून औषध ठिबकत होतं. त्या वासाने उरलासुरला श्वासही अडला. त्या हाताने तो लोटू लागल्या आणि तरीही तोंडात एकच शब्द, पंप.

"हाच हाय ना वं," कडूबा रडकुंडीला येऊन म्हणाले. "काय करू याचं?"

निळा पंप बाभळीला टांगलेल्या पिशवीत होता. मला माहीत होतं. त्या दोघांमध्ये काय घोटाळा झालाय तेही माहीत होतं. आणि मी काय केलं? थरथरलो. दुसरं मला येतं काय?

शेजारच्या शेतातून अमीना धावत आली. तिच्या सासऱ्यालाही दमा आहे. तिने एकदा पंपाकडे पाहिलं, एकदा बाईकडे.

"भाऊ, हे आधी दूर न्या. ते निळं कुठी हाय?"

निळं म्हटल्याबरोबर कडूबा पिशवीकडे सुटले.

पंचफुलाबाई वाचल्या. हळूहळू शिट्टी थांबली. कडूबा मात्र कितीतरी वेळ चिखलातच बसून होते. आपण आपल्या हाताने बायकोच्या नाकापुढे विष नेऊन ठेवलं, हे त्यांना गिळता येईना. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला, "ही मशीन थरथरते, अन् मंगच तुले दम लागते. मशीनच खराब हाय."

मी आधी थरथरतो, दम नंतर लागतो, म्हणून दोष माझा! अहो, त्यासाठीच तर मला घडवलंय. पंचफुलाबाईंना हे ठाऊक होतं. पण त्यांनी वाद घातला नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मला कानातून काढलं आणि डबीत ठेवलं. कडूबांच्या मनाला जपायला त्यांनी माझा बळी दिला. त्यांच्यावर मला रागावता येत नाही, म्हणून मी डबीवर रागावतो.

आलिमा सिस्टर विचारायला आल्या, तेव्हा कान दुखतो असं सांगितलं गेलं. माझं चार्जिंग कधीच संपलं, पण ऐकायची खोड जात नाही. मला कानात घालायचं नसेल तर नका घालू. पण त्या निळ्याला निळंच म्हणा, एवढं तरी माझं ऐका.

आज सकाळी या हंगामाची पहिली फवारणी निघाली. दारातून कडूबांनी आवाज दिला, "पंप घेतला काय वं?"

"हाव, घेतला," पंचफुलाबाई म्हणाल्या.

कोणता, ते कुणीच विचारलं नाही.