चावणाऱ्या बुटाचा फर्मा

मी एक जुना लाकडी फर्मा आहे. फर्मा म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला नुसता ठोकळा समजाल; पुष्कळ जण समजले आहेत. बूट घडवताना कातडं ज्या लाकडी पावलावर ताणून बसवतात, ते पाऊल म्हणजे मी. मी निमुळता, म्हणून माझ्यावर घडलेला बूटही निमुळता.

मित्रांनो, माझा जन्म समुद्रापलीकडचा. तिथल्या लोकांचे पाय लहानपणापासून बुटात वाढलेले, म्हणून सडपातळ. त्याच मापानं मला कोरलं, घासलं आणि भावंडांसकट पेटीत भरलं. ज्या देशात मला धाडलं, तो नुकताच परक्यांच्या राज्यातून सुटला होता. इतकी वर्षं तिथलं कातडं जहाजानं बाहेर जायचं आणि त्याचेच बूट होऊन दामदुप्पट भावानं परत यायचे. आता आपले बूट आपणच करायचे, असं लोकांनी ठरवलं. सरकारनं कर्ज काढलं, यंत्रं मागवली आणि यंत्रांबरोबर मी आलो.

काय ते माझं कौतुक! कारखान्यात मी हातोहात फिरलो. माझ्यावर कातडं ताणायचं काम अक्काकडे आलं. अक्का म्हणजे तिथल्या बायकांमध्ये वयानं सगळ्यांत मोठी. गावचं घर मोडून, नवऱ्याला आणि दोन लेकींना घेऊन ती या नोकरीसाठी शहरात आली होती. कारखाना बुडाला तर परत जायला तिला जागाच नव्हती. रोज सकाळी ती मला पदरानं पुसायची आणि म्हणायची, "चल रे बाबा, लाग कामाला." मला फार बरं वाटायचं.

उद्घाटनाला मंत्री आले. पहिला जोड त्यांनी स्वतः पायात चढवला आणि मंचावर चालून दाखवलं. कपाळावर घाम फुटलेला, पण चेहरा हसरा. "वा! अगदी लोण्यासारखा मऊ!" ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

इथेच तर घोडं पेंड खात होतं! अहो, या देशातल्या लोकांची पावलं अनवाणी चालून पसरलेली, चांगली रुंद. माझ्या मापाचा बूट त्यांना चावणारच! पण मंत्र्यांना मऊ लागलेला बूट आपल्याला चावतो, असं म्हणणार कोण? त्यातून तो आपल्या देशाचा पहिला बूट. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माणसं बूट काखेत मारून अनवाणी यायची आणि कचेरीच्या दारात पायात घालायची. शाळेत मास्तर फळ्यापाशी लंगडायचे. एका दुकानदारानं तक्रार केली, तर लोक त्याच्याच अंगावर धावून गेले. "परक्यांचा हस्तक कुठला!" म्हणाले. मग सगळेच गप्प झाले. पहिला जोड अभिमानानं घेतलेल्यांनी दुसरा मात्र घेतला नाही. गोदामातली खोकी छताला टेकली.

शेवटी कामगार कमी करायची वेळ आली. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि विचारलं, "माल का उठत नाही? खरं काय ते सांगा."

अक्का उभी राहिली. "साहेब, राग मानू नका. बूट चावतो."

साहेबांनी खाली वाकून स्वतःचा बूट काढला. टाचेला पट्टी बांधलेली होती.

"पहिल्या दिवसापासून चावतोय, अक्का. मला वाटलं, माझाच पाय वाईट."

"आम्हालाही तसंच वाटलं हो!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे पोट धरून हसले. मला मात्र संताप आला. माझी काय चूक यात? मला मागवताना इथल्या पायाचं माप कुणी घेतलंच नव्हतं!

साहेबांनी सुताराकडून रुंद फर्मा करून घेतला. यंत्राच्या दाबाखाली तो तडकला. हातानं बूट करावेत, तर एवढ्यांची पोटं त्यात भरणार नव्हती. यंत्राला चालणारे फर्मे मला घडवणाऱ्या परदेशी कंपनीकडेच मिळत. कंपनीनं गोड शब्दांत कळवलं, "तुमच्या लोकांची मापं पाठवा."

मग काय विचारता! अक्का आणि तिच्या लेकी मला पिशवीत घालून बाजारात, शाळेत, धक्क्यावर हिंडल्या. कागदावर पाऊल ठेवायचं आणि भोवती पेन्सिल फिरवायची. "अगं, गुदगुल्या होतात!" म्हणत म्हाताऱ्याकोताऱ्या हसायच्या. अक्कानं स्वतःच्या पावलाचंही माप दिलं. गठ्ठा जहाजानं रवाना झाला. आता कारखाना वाचला, असं सगळे धरून चालले.

पण फर्मे येईनात. ते घ्यायला परदेशी चलन नव्हतं, म्हणून सरकारनं पुन्हा कर्ज मागितलं. देणाऱ्यांनी अट घातली, बाहेरच्या मालाला दार उघडा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दार उघडलं. मग जहाज आलं. त्यात फर्मे नव्हते, मित्रांनो. बूट होते. त्याच कंपनीचे, तयार, स्वस्त आणि रुंद!

कारखान्याला टाळं लागलं. यंत्रं भंगारात गेली. मला अक्कानं घरी नेलं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मी आता फटीत बसतो आणि धूळ खातो. पुसायला अक्काला सवड नसते, कारण ती चार घरची धुणी धुते.

एका दुपारी थोरली लेक नवे बूट घेऊन आली. "आई, दिवसभर ओल्यात उभी असतेस. घाल बरं."

नको नको म्हणत अक्कानं पाय आत घातला. बूट अलगद बसला.

"चावतो का गं?" लेकीनं विचारलं.

"नाही," अक्का म्हणाली. "कसा चावेल? माझंच माप आहे." आणि ती उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडायला लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी, तुमच्या देशात नवं काही आलं, तर त्याला जरूर जपा, पुसा, तेल द्या. पण आधी आपला पाय त्यात बसतो का, ते बघा. आणि चावत असेल तर लाजू नका, पहिल्याच दिवशी सांगा. आपलं आहे म्हणून गप्प बसलात, तर ते आपलं राहत नाही.