जावईबापूंच्या जागी

"ती पोरगी नको! दुसरं कुणीही चालेल, पण ती नको," असं म्हणत मावशी टेबलावरून उतरल्यासुद्धा. अंगात दवाखान्याचा झगा, पाय अनवाणी, आणि बाई निघाल्या दाराकडे.

दारातच नर्सने त्यांना अडवलं. "मावशी, अहो तुम्ही तर आपल्यातल्याच. तुम्हीच असं करायला लागलात तर कसं व्हायचं?"

"आपल्यातली आहे म्हणूनच सांगते. बाहेरच्यांना काय माहीत असतं?"

तेही खोटं नव्हतं. मावशी याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या सराव खोलीत साफसफाईला होत्या. शिकाऊ डॉक्टर तिथे दुर्बीण घालायला शिकत. एक रबरी पुतळा, त्याच्या तोंडातून आत सरकवायची काळी नळी आणि पोटातलं सगळं दाखवणारा पडदा, एवढाच तिथला संसार. पुतळ्याचं नाव मावशींनी जावईबापू ठेवलं होतं. सगळे त्याच्या दिमतीला आणि हा आपला तोंड वासून पडलेला!

आणि 'ती पोरगी' म्हणजे वादळ. तिच्याबरोबरची मुलंच तिला तसं म्हणायची. नळी ओठांना लागते न लागते तोच ही पोटात पोचलेली. मग पडदा लालभडक व्हायचा. म्हणजे आत कुठेतरी भोक पाडलं. "गेले जावईबापू!" असं ओरडून ती बटण दाबायची, की जावईबापू पुन्हा ठणठणीत. मावशीही पोट धरधरून हसायच्या. आज ते हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

बाहेरच्या बाकावरून धाकटी जाऊ उठून आली. घास अडकतोय, अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागलेत, हे तिच्याच नजरेला पडलं होतं आणि तिनेच मावशींना इथे ओढत आणलं होतं.

"अहो जाऊबाई, भीती वाटते म्हणा की सरळ! त्या पोरीच्या नावाने कशाला खडे फोडता?"

"वाटते भीती! मला भोक पडलं तर माझं बटण कुठे आहे, ते दाखव आधी."

वादळ टेबलापाशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि तिचे कान लाल झाले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "मी मागेच उभा आहे, मावशी. गरज पडली तर नळी मी हातात घेईन. तरीही नको असेल तर सांगा, दुसरी तारीख देतो. पण ती पुढच्या महिन्यातली मिळेल."

पुढचा महिना! सकाळी पाण्याचा घोटसुद्धा परत वर आला होता. मावशी मुकाट्याने टेबलावर चढल्या.

"मॅडम, जीव एकच आहे हो माझा."

"माहीत आहे, मावशी. हात वर केलात की मी थांबेन. शपथ."

घशात कडू फवारा मारला, जीभ लाकडासारखी झाली. नर्सने दातांत प्लास्टिकची कडी बसवली आणि डाव्या कुशीवर वळवलं. पडदा पाठीमागे राहिला. समोर फक्त वादळाचा चेहरा, तोही मास्कच्या वर उरला तेवढा.

"आता गिळा. शाब्बास. लाळ गळू दे, पुसू नका. नाकाने श्वास."

एकदा उमासा आला. मावशींनी हात वर केला आणि नळी खरंच थांबली. पोरगी वाट पाहत राहिली. नंतर नळी पुढे सरकली ती इतकी सावकाश, की मावशींना वाटलं, ही कुणी वेगळीच मुलगी आहे. कुठे टोचलं नाही, कुठे ओढलं नाही. अगं बाई, उगाच घाबरले मी, असं त्यांच्या मनात आलं आणि खांदे आपसूक सैल पडले.

तेवढ्यात वादळाची नजर एका जागी थांबली.

जावईबापूंच्या पोटात गाठ सापडली की यंत्रातून घंटी वाजायची, मार्क मिळायचे, मुलं टाळ्या पिटायची. इथे कुणी चकार शब्द बोललं नाही. वादळाच्या पापण्या लवत नव्हत्या. "सर," ती अगदी हळू म्हणाली. मोठे डॉक्टर पुढे वाकले. बराच वेळ पाहून म्हणाले, "तुकडा घे."

मावशी तिच्याकडेच बघत होत्या. बोलता येत नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी भरत चाललं होतं, पण हात जराही हलला नाही.

नळी निघाली, कडी निघाली. वादळाने स्वतः त्यांचं तोंड पुसलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "तुकडा तपासायला पाठवतोय. त्याचं उत्तर आलं की बोलू. तेव्हा घरच्या कुणाला तरी बरोबर आणा."

मावशींनी मान डोलावली. बधिर जिभेने कसेबसे शब्द काढले, "मॅडम, छान केलंत. काही दुखलं नाही."

वादळाने हात देऊन त्यांना टेबलावरून खाली उतरवलं.

बाहेर जाऊ लगबगीने पुढे आली. "काय हो, दिला का पोरीने त्रास?"

"नाही गं. हात हलका आहे तिचा."

"बघा! सकाळपासून नुसता जीव खाल्लात माझा. उगाच घाबरता तुम्ही!"

"हो ना," मावशी म्हणाल्या, आणि जिना उतरताना त्यांनी जावेचा हात घट्ट धरला.