ज्या ताऱ्यातून उजेड निघत नाही

१९६२ साली दिपोटी साहेब शाळा तपासायला आले, त्या दिवशी मी शालूला विहिरीत उतरवलं. आमच्या मोठ्या बाईंच्या मते माझं डोकं फिरलं होतं. पुढच्या वर्षापासून माझा विज्ञानाचा वर्ग बंद करून मुलींना शिवण शिकवायचं, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. साहेबांनी मान डोलावली की झालं. म्हणून मीही हट्टाला पेटले. कोल्हापूरच्या पोरींना विज्ञान झेपत नाही म्हणे! बघूच.

शाळेमागची विहीर चैत्रात कोरडी पडली होती. तळाशी शालू, केरबा शेतकऱ्याची लेक, हातात चेंडू घेऊन उभी. काठावर साहेब, मोठ्या बाई आणि एकमेकींना ढकलणारा अख्खा नववीचा वर्ग. शालूनं चेंडू हलकेच फेकला, तो अर्ध्यातूनच परत पडला. मग तिनं जोर लावला. चेंडू थेट साहेबांच्या टोपीवरून गेला आणि मुलींनी एकच गिल्ला केला.

मला चेव आला. म्हटलं, पृथ्वीसुद्धा अशीच विहीर आहे, पुरेसा वेग असेल तरच तिच्या ओढीतून सुटका. आणि एखादा प्रचंड तारा स्वतःच्याच वजनानं आत दबत गेला, तर ही विहीर इतकी खोल होते की उजेडही बाहेर पडत नाही. गणितातून असं निघतं, पाहिलेलं मात्र कुणी नाही. साहेब चष्मा पुसायचे थांबले. त्यातून काहीच सुटत नाही का, त्यांनी विचारलं. काहीच नाही, मी ठासून सांगितलं.

"बाई, ओढ हाय की भाईर," विहिरीतून आवाज आला. "न्हाईतर उजेडाला मागं कोन ओढंल?"

साहेबांसमोर बाईंना उलट बोलायचं नाही, हे मोठ्या बाईंनी मुलींना आठवडाभर पढवलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. संपला आपला वर्ग, मला वाटलं. आणि पुढच्याच क्षणी अंगावर काटा आला. खरंच की! उजेड अडकला तरी ओढ बाहेर उरतेच. मग शेजारचा तारा त्या ओढीनं फिरत राहील, आणि त्याच्या फिरण्यावरून न दिसणाऱ्याचा पत्ता लागेल! मी हे भराभरा बोलत सुटले आणि शेवटी साहेबांना सांगितलं, "तिचं बरोबर आहे. मी चुकले." इतक्या आनंदानं मी कधी चुकले नव्हते.

साहेब खळखळून हसले. बाईंची चूक पकडणारी पोर ज्या वर्गात आहे तो बंद करायचा नसतो, असं त्यांनी मोठ्या बाईंना बजावलं. शिवण शनिवारी घ्या म्हणाले. मोठ्या बाईंना होकार द्यावाच लागला.

शालू पायऱ्या चढून वर आली. वर्ग वाचला म्हणून मी सांगत होते, पण तिचं लक्षच नव्हतं.

"बाई, त्यो तारा अजून कुणीबी बघितल्याला न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग मी बघतो की."

मला एकदम भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी तिच्यावर खेकसले, की आधी कालची राहिलेली गणितं सोडव.