निम्म्या दाबावर

धाकट्याने अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये दाबला, त्यात केस कापायच्या मशीनची पिन खोचली आणि बटण सरकवलं. मशीन चालू झालं खरं, पण त्याचा चेहरा पडला. चाळीस वर्षं सलून चालवलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून कळतं, पातं चालणार की नाही. हे आपलं कण्हत होतं.

"काका, पिन बसली म्हणजे झालं असं नाही." पुतणीने मशीन उलटं करून बारीक आकडे वाचले. "हे दोनशे तीस व्होल्टचं आहे. इथे जवळजवळ निम्मंच असतं. अडॅप्टरने पिन बदलते, व्होल्टेज नाही बदलत."

साठीला टेकला तरी घरात तो धाकटाच. एवढी साधी गोष्ट परदेशी निघण्याआधी कुणाला विचारावी, हेही सुचू नये याची त्याला लाज वाटली. समोर खुर्चीवर गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून दादा बसला होता. औषधांनी केस गळायला लागले तेव्हा त्याने फोनवर सांगितलं होतं, "दुखण्याच्या हाती नाही द्यायचे मला. तू ये आणि तू काढ." कात्री-वस्तऱ्याला डॉक्टरांची मनाई होती, जरा कापलं तर रक्त थांबलं नसतं. म्हणून तर धाकट्याने मशीन आणलं होतं.

"मी इथलं मशीन घेऊन येते, पंधरा मिनिटांत," पुतणी म्हणाली.

"काही नको," दादा डोळे मिटूनच म्हणाला. "चालू झालंय ना? लाव तू. माझ्याच डोक्यावर शिकलास तेव्हा कुठे होतं मशीन? महिनाभर टोपी घालून फिरलो मी."

धाकटा हसला. त्याने मशीन मानेपाशी टेकवलं. एकही केस कापला जाईना. डाव्या हाताने त्याने केस जरा उचलून धरले, तर ते तसेच्या तसे त्याच्या बोटांत आले, मुळासकट.

पुतणीनेही पाहिलं होतं. ती काही बोलणार, तोच त्याने मानेनेच तिला नको म्हटलं.

मग उजव्या हाताने तो मशीन दादाच्या कानाजवळून फिरवत राहिला आणि मागोमाग डावा हात केस उचलत गेला. इतका हलका हात त्याने आजवर कुणालाही लावला नव्हता.

"बघ," दादा पोरीला म्हणाला, "ओढत नाही, टोचत नाही. उगाच घाबरवत होतीस त्याला. कसं झकास चालतंय!"

"हो बाबा," ती म्हणाली आणि खाली वाकून केस गोळा करू लागली.

थोड्या वेळाने डोक्यावर एकही केस उरला नाही. धाकट्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती थांबत नव्हती.

"झालं का रे?" दादाने विचारलं.

"थोडं राहिलंय, दादा," धाकटा म्हणाला. "डोळे उघडू नकोस. केस जातील."