दोन वाफ्यांतले शिसे

पालकाच्या दोन जुड्या तपासायला पाठवायच्या, एवढ्या कामासाठी दोघे सख्खे भाऊ सकाळभर बांधावर एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून उभे होते. थोरला बारा वर्षे सेंद्रिय शेती करत होता आणि बारा वर्षे धाकट्याच्या खताच्या गोण्यांना विषाची पोती म्हणत होता. सून गरोदर राहिली तेव्हा तिच्या ताटात बांधापलीकडचे पानही पडता कामा नये, असे त्याने बजावले. धाकट्याला ते लागले. तपासणी त्यानेच सुचवली. मग थोरल्याने धाकट्याच्या वाफ्यातली जुडी स्वतः उपटली, धाकट्याने थोरल्याच्या. पिशव्यांवर दोघांच्या सह्या झाल्या, तोंडाला लाख लागली. इतका चोख बंदोबस्त विश्वासापोटी कोणी करत नाही.

अहवाल आला. धाकट्याचा पालकही अगदी निर्मळ नव्हता. कॅडमियम होते, पण मर्यादेच्या आत. थोरल्याच्या पालकात शिसे मर्यादेच्या तिप्पट निघाले.

थोरल्याने आधी प्रयोगशाळेवर संशय घेतला, मग खतवाल्यांवर, मग पिशव्या नेणाऱ्या गाडीवाल्यावर.

"दादा, सही तुझीच आहे ना?" धाकट्याने विचारले.

"सही काय, कोणीही गिरवतो."

थोरल्याच्या बायकोचा संशय मात्र घरातच घुटमळत होता. हिवाळ्यात गावातली जुनी शाळा पाडली, तेव्हा तिची दारे-खिडक्या नवऱ्याने जळणासाठी आणली होती, तेलरंगाच्या जाड थरांसकट. त्यांवर पाणी तापले. राख वाया घालवायची नाही, हा त्याचा नियम. किडीवर औषध नको म्हणून ती चाळून रोज पानांवर भुरभुरायची, हे तिचे काम. चाळणीत रंगाचे पापुद्रे उरत. तिने प्रयोगशाळेत फोन केला. जुन्या रंगात शिसे असते, जळले तरी ते राखेत राहते, असे तिकडून कळले.

तिने नवऱ्याला सांगितले. राख नैसर्गिक असते, लाकूड झाडाचेच ना, असे त्याने तिलाच समजावले.

"लाकूड झाडाचं. रंग कुठल्या झाडाचा?"

त्यावर तो चिडला. अहवाल खोटा आहे, सून आपलाच पालक खाईल, असे बजावून शेतात गेला.

दुपारी तिने सगळ्यांना पालकाची भाजी वाढली. सुनेने पहिला घास उचलला.

"थांब," थोरला म्हणाला. मग बायकोला, "कुठला पालक हा?"

"आपला."

त्याने सुनेचे ताट स्वतःकडे ओढले. तिचा हात तसाच अधांतरी राहिला.

"का हो? अहवाल खोटा आहे ना?" बायकोने शांतपणे विचारले.

तो ताट सोडेना. तिने ते त्याच्या हातून काढून घेतले आणि पुन्हा सुनेपुढे ठेवले.

"खा गं पोरी. धाकट्या भाऊजींच्या वाफ्यातला आहे. सकाळीच मागून आणला."

थोरल्याने आपल्या ताटातली भाजी बोटाने उलटीपालटी करून पाहिली. आवाज खाली आणून म्हणाला, "धुतलास ना नीट?"